मदत हवी आहे : शाळेचे जुने सिमेंट पत्रे उतरवायचे आहेत

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात शाळेच्या दोन खोल्यांवर ॲस्बेस्टॉसचे (श्वासातून आत गेल्यास घातक अशा बारीक खनिज तंतूंचे) नाळीदार सिमेंट पत्रे आहेत. एकूण ४८, ६ मिमी जाडीचे. वानरांच्या उड्यांनी सात-आठ फुटलेत, बाकीच्यांचा वरचा थर झिजून तंतू उघडे पडलेत. पन्हाळीतला गाळ आणि पागोळीखालची माती यांतही तंतू असणार, म्हणून तिथे कोरडा झाडू बंद केलाय. धोका आहे तो उडणाऱ्या धुळीचा, साबूत पत्र्याचा तितका नाही.

काम उन्हाळी सुट्टीत, पोरं नसताना. पत्र्यावर पाय द्यायचा नाही, जुना पत्रा न सांगता तुटतो. फळ्या आणि पालख (परांची) बांधून काम. साबणाचं पाणी हलक्या फवाऱ्याने मारत राहायचं. पत्रे धरून ठेवणारे जे-हुक (इंग्रजी J आकाराचे) गंजलेत, ते कटरने कापायचे, पण ग्राइंडर पत्र्याला लागता कामा नये. पत्रा अख्खा खाली घ्यायचा, फेकायचा नाही. तोंडाला रुमाल किंवा सर्जिकल मास्क चालत नाही, पी-३ फिल्टरचा (अगदी बारीक धूळ अडवणारा) घट्ट बसणारा मास्क हवा, दाढी असली तर तोही गळतो.

अडलंय ते इथे :

१. एक पत्रा सुमारे ४० किलोचा, म्हणजे माल जवळपास २ टन. एवढा थोडा माल बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्रात कोणी दिलाय का? ग्रामपंचायतीच्या नावाने नोंदणी होते का, गाडी कोणाची लागते?

२. नागपूर-अमरावतीकडे पत्र्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यात ॲस्बेस्टॉस असल्या-नसल्याचा लेखी अहवाल देणारी प्रयोगशाळा कोणती?

गावात काही जण हे पत्रे गोठ्यासाठी मागताहेत. नाही म्हणतोय, पण लेखी नियम दाखवता आला तर बरं होईल.