सुक्या एल्डरबेरीचा पाक: मध, गूळ की साखर? आणि किती दिवस टिकतो?

टिळकवाडी_काकू
सर्दी-पडशासाठी पाक करायला लेकीनं परदेशातून सुक्या एल्डरबेरी (तिकडचं जांभळट-काळं बारीक फळ) पाठवल्यात, २५० ग्रॅमचं पाकीट आहे. रात्रभर भिजवून मिक्सरला फिरवून गाळलं तर चालेल का? की उकळायलाच पाहिजे? गोडाला घरात महालिंगपूरचा गूळ आहे, जांबोटीकडचा मधही आहे. पावसाळ्यात इकडं डब्यातला गूळसुद्धा पाझरतो, म्हणून टिकण्याची काळजी वाटते. घरात आठ महिन्यांची नात आहे आणि आमच्या ह्यांना शुगर आहे. कुणाला द्यायचं, कुणाला नाही, तेही सांगा.

खानापूर_रानमेवा
काकू, मिक्सर अजिबात नको. एल्डरबेरीच्या न शिजवलेल्या फळात, बियांत, देठात आणि पानात पोटात गेल्यावर सायनाइड सुटणारी द्रव्यं असतात. बी भरडली की ती जास्त सुटतात. नुसतं भिजवून ती जात नाहीत, नीट उकळावंच लागतं. १९८३ साली कॅलिफोर्नियात पाना-फांद्यांसकट काढलेला कच्चा रस पिऊन आठ जणांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. उलट्या, पोटात कळा, चक्कर असला त्रास होता.

एका वेळी ५० ग्रॅमच घ्या. सुकी फळं घट्ट झाकणाच्या बरणीत खूप दिवस राहतात, केलेला पाक राहत नाही. निवडताना बारीक काड्या दिसतील, त्या सगळ्या काढायच्या.

५० ग्रॅम फळं धुऊन ५०० मिली पाण्यात अर्धा तास भिजत घाला आणि त्याच पाण्यासकट गॅसवर ठेवा. भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमला फळाचा आंबटपणा लागतो आणि डागही बसतो. दोन इंच दालचिनी, ४ लवंगा, १० ग्रॅम ठेचलेलं आलं टाका. खळखळून उकळी आली की आच मंद करून ४० ते ४५ मिनिटं झाकण न ठेवता उकळू द्या. जे जायचं ते वाफेबरोबर जातं, म्हणून झाकण नको. कुकरची शिट्टीही नको. सुरुवातीला जांभळट फेस येतो, तो डावानं काढत राहा.

पाणी निम्म्यावर आलं की उतरवा आणि फळं पळीच्या पाठीनं हलकेच दाबा. मऊ झालेली साल फुटते, बी अख्खी राहते. मग जुन्या पंचातून गाळा. नवा पंचा घेऊ नका, हा डाग धुऊन निघत नाही. साधारण २०० मिली काढा मिळेल. चोथा परत उकळू नका, त्यात रंगाशिवाय फारसं काही उरत नाही.

काढा बोट टिकेल इतका कोमट झाला की १५० ग्रॅम मध घालून ढवळा. उकळत्या काढ्यात घातलेल्या मधाचा वास उडून जातो. वर एका लिंबाचा रस.

निपाणी_फळप्रक्रिया
वरची कृती बरोबर आहे. टिकण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पाक बिघडतो तो इथंच.

२०० मिली काढ्यात १५० ग्रॅम मध म्हणजे गोडी जेमतेम एक तृतीयांशाच्या आसपास. एवढ्या गोडीत किण्व (यीस्ट) आरामात वाढतं. औषधी सिरप बाहेर टिकतं, कारण त्यात वजनानं दोन-तृतीयांश साखर असते, म्हणजे २०० मिली पाण्याला ४०० ग्रॅम. तेवढी साखर घातली तर ते औषध कमी आणि साखरच जास्त होईल. त्यातून एल्डरबेरीचा आंबटपणा प्रत्येक जातीत कमी-जास्त असतो, त्यामुळे लोणच्यासारखं आंबटावर भरवसा ठेवून फडताळात ठेवता येत नाही. मधाचा पाक फ्रिजमध्येच, आणि दोन आठवड्यांत संपवायचा. लाइट जास्त वेळ जात असेल तर एका वेळी आणखी कमी करा.

गूळ चालतो, पण दोन गोष्टी बघा. गुळात माती-चोथा असतो, म्हणून तो गाळलेल्या काढ्यात विरघळवून एक उकळी काढा आणि परत गाळा. दुसरं, गूळ ओल ओढतो. पाझरलेला गूळ घेतला तर वजनात पाणीच जास्त येतं आणि पाक लवकर आंबतो. कडक ढेपेतला घ्या.

रानातल्या मधाचंही तसंच. न पिकलेल्या पोळ्यातला मध पातळ असतो. मधात पाणी २० टक्क्यांच्या वर गेलं की तो स्वतःच आंबायला लागतो. चमच्यावरून धार न तुटता पडत असेल तर घ्या, पाण्यासारखा टपटपत असेल तर नको.

बाटली काचेची. १० मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून स्वच्छ कापडावर उपडी घाला आणि पूर्ण वाळल्यावरच भरा. आत राहिलेला एक थेंब आणि ओला चमचा, बहुतेक बाटल्या ह्या दोन कारणांनीच जातात. झाकण उघडताना फुस्स आवाज आला, कडेला बारीक बुडबुडे दिसले किंवा ताडीसारखा वास आला तर ओतून टाका. परत उकळून वाचवायला जाऊ नका.

टिळकवाडी_काकू
फार छान सांगितलंत दोघांनीही. आमच्या परसात अडुळसा आहे. त्याची पानं ह्याच काढ्यात टाकली तर खोकल्यालाही होईल ना?

चिकोडी_फार्मसी
काकू, एका बाटलीत नको. अडुळसा (कन्नडात आडुसोगे) कफ सुटायला देतात. त्यातल्या वासिसिन ह्या द्रव्यावरून ब्रोमहेक्सिन हे खोकल्याचं औषध तयार झालं. पण तो कडूजहर. एल्डरबेरीत मिसळला की दोन्हींचं प्रमाण कळत नाही, आणि काही त्रास झाला तर कशानं झाला तेही सांगता येत नाही. वेगळा करा: पूर्ण वाढलेली पण पिवळी न पडलेली १० पानं चिरून ४ कप पाण्यात, १ कप उरेपर्यंत. गाळून, मध घालून त्याच दिवशी संपवायचा. गरोदर बाईला अडुळसा अजिबात देऊ नका, त्यानं गर्भाशय आकुंचन पावतं.

आता नातीचं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचासुद्धा नाही. मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम (अंग लुळं पाडणारी विषबाधा) होऊ शकतो आणि मध गरम केल्यानं ते बीजाणू मरत नाहीत. गुळाचा केलात तरी एवढ्या लहान बाळाला एल्डरबेरी नको. काकांच्या शुगरला मध, गूळ, साखर तिन्ही सारखंच. त्यांना बिनगोडाचा काढा द्या, तोही त्यांच्या डॉक्टरांना विचारून. संधिवातासारख्या आजारात प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील तर टाळलेलाच बरा. धडधाकट मोठ्या माणसाला १० मिली, दिवसातून दोनदा, सर्दी असेल तेवढेच दिवस.

अपेक्षाही बेतानं ठेवा. काही लहान चाचण्यांत सर्दीचे दिवस थोडे कमी झालेले दिसले. पण अमेरिकेत फ्लूच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही फायदा दिसला नाही. तीन दिवसांवर ताप राहिला, दम लागला, छातीत दुखलं किंवा बाळानं दूध सोडलं तर पाक बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

खानापूर_रानमेवा
एक राहिलं काकू. बाटलीवर केल्याची तारीख लिहून चिकटवा, आणि रंग जांभळाच्या सरबतासारखा दिसतो म्हणून पोरांचा हात पोचणार नाही अशा वरच्या कप्प्यात ठेवा.