भिरंडीची वाट किती वर्षं पाहायची?

कुळागरची_सून
माशेलजवळ आमचं लहानसं कुळागर आहे. पोफळी, मिरवेली, थोडे माड आणि विहिरीकडे एक भिरंड, म्हणजे कोकमाचं झाड. लग्न होऊन आले तेव्हा ती कमरेएवढी होती, आता कौलांच्या वर गेलीय. थंडी पडली की फुलते, फुलं गळून जातात आणि एप्रिलात बघावं तर फांद्या रिकाम्या. दारात भिरंड असून दर मे महिन्यात मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सोलं, म्हणजे कोकमाची वाळवलेली सालं, विकत आणते, तीही पिशवीच्या तळाशी लपवून. सासूबाईंच्या नजरेस पडली की पुन्हा तेच ऐकावं लागतं: "धीर धर गो. झाडाला घाई चालत नाही." संध्याकाळी तुळशीला दिवा लावून झाला की त्या भिरंडीच्या बुंध्याशीही तांब्याभर पाणी ओततात. नवऱ्याला त्याच जागी गाडीसाठी शेड हवी आहे. पणजीच्या बसमध्ये लोंबकळून घरी येईपर्यंत माझा धीर जवळजवळ संपलेला असतो, झाडासाठी कुठून आणू? थांबू की कुऱ्हाड घालू?

सत्तरीकर
कुऱ्हाड ठेव बाजूला, आधी फूल बघ. भिरंडीत नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. बी रुजवून आलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात. रोप बघून ते कळत नाही. फूल यायला सात-आठ वर्षं जातात, मगच उलगडा. सध्या फुलांचेच दिवस आहेत. एक तोडून तळहातावर घे. मधोमध पुंकेसरांचा दाट झुबका असेल तर नर. हिरवी गोल गाठ दिसली तर मादी. आमच्या शेजारच्या एकाने कित्येक वर्षं नराला शेणखत घातलं. झाड देखणं झालं, फळ शून्य.

कुळागरची_सून
झुबकाच आहे. पाच-सहा फांद्यांवरची फुलं बघितली, सगळीकडे तेच. म्हणजे ह्याला उशीर झालेला नाही, हा फळणारच नव्हता! सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून फूल नीट बघितलं आणि संध्याकाळी पुन्हा तांब्या घेऊन गेल्या. मी गप्पच.

डिचोलीची_मावशी
तुझ्या सासूबाई मला आवडल्या. बाय, चवथीला माटोळी बांधतेस ना? गणपतीच्या डोक्यावर काय काय टांगतो आपण? नारळ, सुपारीचं शिपटं, तोरिंजन, केळ्यांचा घड हे ठीक, खाण्यातलं आहे. पण कवंडळ? त्याला कोण तोंड लावतं? तरी रानात पावसाने निसरड्या झालेल्या मेरांवरून पोरं तेच शोधत फिरतात, आणि ते नसलं तर माटोळी उघडी वाटते. आपल्या पोटात काय गेलं एवढाच हिशेब असता तर माटोळीत चार नगही लागले नसते. तुझ्या आसपास कुणाकडे फळती भिरंड असेल तर तिला पराग तुझ्या झाडाचाच मिळत असेल. एकदा विचारून बघ.

कुळागरची_सून
मावशी, तुमचं ऐकून शेजारणीकडे गेले. त्यांच्या मागल्या दारी भिरंड आहे आणि मे महिन्यात अंगणभर सोलं वाळत असतात, रोज मीठ-रसात बुडवून पुन्हा उन्हात. मी हे सगळं इतकी वर्षं आमच्या खिडकीतून बघतेय आणि मनातल्या मनात जळतेय. झाडाचं सांगितल्यावर त्या खो-खो हसल्या. म्हणाल्या, मग अर्धी सोलं तुमची. बोललेलं मी लक्षात ठेवलंय! शेड आता फणसाच्या बाजूला जाणार. नवरा कुरकुरतोय, गाडीवर फणस पडेल म्हणून. त्यात तथ्य आहे. पण घरची सोलं मला हवीतच. ह्याच झाडावर मादीचं कलम होतं का?

सत्तरीकर
होतं. झाड छाटून नव्या फुटव्यांवर बांधतात, पण हात बसलेला माणूस हवा. त्यापेक्षा जवळच एक मादीचं कलम लाव. नर तर तुझ्याकडे आहेच, लोक तो मुद्दाम राखतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता आणि कोकण हातीस ह्या जाती चांगल्या आहेत. कलम चार-पाच वर्षांत धरतं. घेताना एक विचार: काडी उभ्या वाढणाऱ्या शेंड्याची आहे का? आडव्या फांदीची असेल तर झाड सरळ वर न जाता पसरत राहतं. आणि विहिरीला अगदी चिकटून लावू नकोस.