१४५३ मुळं रेनेसाँस झाला म्हणतात, मग पेट्रार्कचं काय?

लातूर_अभ्यासिका: युरोपचा इतिहास वाचायलोय. क्लासचे सर म्हणले १४५३ ला कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) तुर्कांच्या हाती पडलं, ग्रीक पंडित पोथ्या घेऊन इटलीत पळाले अन् रेनेसाँस (जुन्या ग्रीक-रोमन विद्येचं पुनरुज्जीवन) सुरू झाला. पण जुन्या पोथ्या शोधणारा इटालियन कवी पेट्रार्क तर १३७४ लाच वारला! नोट्समधी दोन्ही गोष्टी एकाच पानावर हायेत, कुणीच काही विचारंना.

पैठणकर: बरोबर पकडलंस. रोमन वक्ता सिसेरोची खाजगी पत्रं पेट्रार्कला व्हेरोनात १३४५ ला घावली. होमरची ग्रीक पोथी पण होती त्याच्यापाशी, फक्त वाचता येत नव्हती बिचाऱ्याला. मग १३९७ पासून फ्लॉरेन्सनं क्रिसोलोरास नावाचा ग्रीक मास्तर पगार देऊन ठेवला, तिथून ग्रीक वाचणारी पिढी तयार झाली. १४५३ नं भर पडली, एवढंच.

जालना_एक्सप्रेस: एवढंच कसं काय भौ? कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर बेसारियन नावाच्या ग्रीक धर्मगुरूनं पोथ्या जमवायचा सपाटा लावला अन् १४६८ ला सगळा संग्रह व्हेनिसला देऊन टाकला. अन् अरबांचं नाव कुणी घेईना, अॅरिस्टॉटलची कितीतरी पुस्तकं १२व्या शतकातच स्पेनमधल्या टोलेडोत अरबीवरून लॅटिनमधी आली होती.

पैठणकर: मान्य. पण मला तर पोथी घावणं हीच मोठी गोष्ट वाटत नाही. पोथ्या हुडकणाऱ्या इटलीच्या पोज्जोला १४१७ मधी जर्मनीकडच्या मठात रोमन कवी लुक्रेशियसचं काव्य घावलं, ती पोथी साधूंनीच कित्येक शतकं आधी नकलून ठेवलेली (जग अणूंचं, मेल्यावर शिक्षा-बिक्षा काही नाही, असलं लिहिलेलं अन् ठेवलंय कुठं तर मठात). फरक पडला तो वाचायच्या पद्धतीनं. पश्चिमेचं राज्य सम्राट कॉन्स्टंटाईननं पोपला दिलं असा एक जुना दस्त होता, १४४० मधी व्हाल्ला नावाच्या इटालियन पंडितानं तो ओळ न ओळ तपासला. त्यात कॉन्स्टँटिनोपलचं नाव निघालं, जे शहर दस्तात सांगितलेल्या काळात वसलंच नव्हतं! १९५० च्या फेरफारावर समृद्धी महामार्ग निघावा तसलं झालं. जुनी लॅटिन वाचून वाचून त्याचा कान तयार झाला होता, म्हणून भाषेवरूनही त्यानं खोटेपणा पकडला.

गोदाकाठ: पैठणचा असून नाथांना विसरलास व्हय? शके १५०६ ला ज्ञानेश्वरीत शिरलेले चुकीचे पाठ काढून त्यांनी प्रत शुद्ध केली की.

पैठणकर: विसरीन कसा, पण नाथांना ग्रंथ जपायचा होता अन् व्हाल्लाला दस्त खोटा पाडायचा होता. नजर दोघांची बारीक, हेतू लई वेगळा.

लातूर_अभ्यासिका: ते सगळं ठीकय, पेपरात काय लिहू?

जालना_एक्सप्रेस: १४५३ लिहीच, मार्क त्यालाच हायेत. त्याच्याआधी पेट्रार्क अन् क्रिसोलोरास दोन ओळीत टाक.