फुकट्यांना पकडून काय साधलं?

"एवढ्याशा तिकिटासाठी इतका फौजफाटा कशाला?" हा विनातिकीट प्रवाशांच्या धरपकडीवर विचारला जाणारा प्रश्न रास्तच आहे. पण न्यूयॉर्कमध्ये १९९० साली विल्यम ब्रॅटन ट्रान्झिट पोलिसांचे, म्हणजे भुयारी रेल्वेच्या पोलिसांचे, प्रमुख झाले, तेव्हा तिकीट चुकवायला फाटकावरून उडी मारणाऱ्यांची झडती घेतली की साधारण सातांत एकावर जुनं वॉरंट निघायचं. कुणाच्या खिशात चाकू, कुणाकडे पिस्तूलही. त्याआधी एका अटकेच्या कागदपत्रांतच पोलिसाचा अख्खा दिवस जायचा, मग तो काणाडोळा करणारच ना! ब्रॅटननी चक्क बसची चौकी करून ती स्टेशनाजवळ उभी केली.

२०२४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या गव्हर्नर होकल यांनी नॅशनल गार्ड या राखीव लष्करी दलाचे ७५० जवान या रेल्वेच्या स्टेशनांवर बॅगा तपासायला उतरवले, ते मात्र मला दिखाऊच वाटलं. जवान जिन्यापाशी, भांडण डब्यात!