मदत हवी आहे: टी-पेशी परक्या एचएलएवर का तुटून पडते?

नमस्कार मंडळी. नागपुरात, महालात, बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवतो. टी-पेशी म्हणजे शरीराचं रक्षण करणारी पांढरी रक्तपेशी, आणि एचएलए म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचे, माणसागणिक वेगळे असणारे रेणू. परवा एका विद्यार्थिनीने असं अडवलं की खडू हातात धरून उभाच राहिलो.

शिकवत होतो ते असं: पेशी आपल्या आतल्या प्रथिनाचा आठ-दहा अमिनो आम्लांचा तुकडा एचएलए रेणूच्या खोबणीत ठेवून बाहेर दाखवते. टी-पेशीचा रिसेप्टर, म्हणजे तिच्या अंगावरचा ओळखणारा रेणू, तुकडा आणि खोबणीचे काठ, दोन्ही एकदमच चाचपतो. १९७४ मध्ये झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी उंदरांवर दाखवलं की विषाणू तोच असला तरी पेशी दुसऱ्या वाणाच्या उंदराची असेल, म्हणजे तिचे एचएलएसारखे रेणू वेगळे असतील, तर टी-पेशी तिला मारत नाही. १९९६ चं नोबेल त्यावरच मिळालं.

पोरगी म्हणाली, "सर, माझ्या भावाला सिकलसेल आहे. बोन मॅरोसाठी माझं एचएलए जुळतं का ते बघून राहिले. पण परकं एचएलए टी-पेशीला ओळखूच येत नाही, तर जुळवायचं कशाला? आणि रक्त तर नुसता गट बघून चढवतात!"

रिसेप्टर म्हणजे एकाच कुलुपाची किल्ली, ही माझी उपमा तिथेच आपटली. कोणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद:
सर, कुलूप-किल्ली सोडाच. रिसेप्टरची पकड मुळात सैल असते, एकच रिसेप्टर मिळत्याजुळत्या बऱ्याच आकारांना चिकटतो. थायमस या छातीतल्या ग्रंथीत, जिथे टी-पेशी तयार होतात, तिचे दोन पेपर होतात. स्वतःचं एचएलए अजिबात धरता येत नाही ती नापास, फार घट्ट धरते तीही बाद. बहुतेक तिथेच मरतात. पण शेजाऱ्याच्या एचएलएवर पेपर झालेलाच नसतो! ते आपल्यासारखंच दिसतं, थोडं वेगळं, आणि खोबणीतले तुकडेही वेगळे. त्यामुळे त्याला घट्ट धरणाऱ्या पेशी गाळल्या गेलेल्याच नसतात. त्या थोड्याथोडक्या नाहीत, शंभरात एक ते दहा. उंदरांच्या प्रयोगात टी-पेशी एका ठरावीक विषाणूवर तयार झाल्या होत्या, म्हणून ही बाजू तिथे दिसली नाही.

रक्ताचं म्हणाल तर लाल पेशींवर एचएलए जवळपास नसतंच, म्हणून तिथे ते जुळवत नाहीत.

धागाकर्ता:
वा! 'शेजाऱ्यावर पेपर झालाच नाही' हे उद्या फळ्यावर जाणार. तिचं जुळायची शक्यता किती?

प्रतिसाद:
सख्ख्या भावंडांत चारात एक. एचएलएच्या जनुकांचा गठ्ठा सहाव्या गुणसूत्रावर एकत्र असतो, आईकडून एक, बाबांकडून एक.

धागाकर्ता:
रिपोर्ट सोमवारी आहे म्हणते.