लिंबू चिक्कीला ठीक, इथे नको
साखरेत घोळलेले दाणे करताना पाकात लिंबू पिळा म्हणजे साखर परत रवाळ होत नाही, असं काही जण सुचवतात. चिक्कीसाठी ते बरोबरच आहे. पण साखरेत घोळलेल्या शेंगदाण्यांना किंवा बदामांना ती रवाळ व्हायलाच हवी! लिंबाच्या आम्लाने थोड्या साखरेचं ग्लुकोज-फ्रुक्टोज (साखरेचेच साधे प्रकार, जे तिला रवाळ होऊ देत नाहीत) होतं आणि मग कितीही ढवळलं तरी थर नीट धरत नाही, चिकट गोळा होतो. 2 वाट्या भाजलेले दाणे, 1 वाटी साखर, पाव वाटी पाणी, मध्यम आच, आणि हात थांबवायचा नाही. पाणी उडालं की साखर अचानक पांढरी, वाळूसारखी होते. इथे बरेच जण बिघडलं समजून सोडून देतात. पांढरे हवे असतील तर तिथेच उतरवा. चकाकी हवी असेल तर मंद आचेवर ढवळत राहा, तीच साखर वितळून तांबूस होते. लगेच ताटात पसरून सुटे करा.

सांगलीत गूळ हाताशी असतो, त्यामुळे गुळात करायचा मोह होतो. पण गुळात ग्लुकोज-फ्रुक्टोज मुळातच असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. पावसाळ्यात असे दाणे पटकन चिकट होतात. गुळाचे करायचे तर थंडीत करा आणि गार होताच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.