मदत हवी आहे: ॲडमिरल फॉन श्पे फॉकलंडकडे का वळला?

नमस्कार मंडळी,

माक्सिमिलियान फॉन श्पे या जर्मन ॲडमिरलच्या कारकिर्दीवर लेख लिहितोय, पण शेवटच्या महिन्याशी अडलोय. १९१२ पासून चीनमधल्या त्सिंगताओच्या जर्मन आरमाराची सूत्रं त्याच्याकडे होती. आपल्याकडे 'एम्डेन' सगळ्यांना ठाऊक आहे, मद्रासवर तोफा डागणारी. ती याच ताफ्यातली. ऑगस्ट १९१४ मध्ये त्यानेच तिला हिंदी महासागरात धाडलं.

१ नोव्हेंबरला चिलीजवळ कोरोनेलला त्याने दोन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या. चिलीच्या वालपरायसो बंदरात कौतुकाची फुलं मिळाली, तर म्हणे, माझ्या थडग्यावर शोभतील! माणूस किती स्वच्छ पाहत होता बघा. निम्मा दारूगोळा संपलेला, नवा मिळायची सोय नाही.

आता माझा प्रश्न. डिसेंबरच्या सुरुवातीला केप हॉर्नपाशी कोळशाने भरलेलं ब्रिटिश जहाज हाती लागलं, पिक्टन बेटाआड दिवसचे दिवस कोळसा भरून घेतला. मग थेट अटलांटिकात न निसटता फॉकलंड बेटांवरच्या पोर्ट स्टॅन्ली या ब्रिटिश बंदरावर हल्ला कशासाठी? आधीच्या बैठकीत काही कप्तानांचा विरोध होता. ८ डिसेंबरला तिथे 'इन्व्हिन्सिबल' आणि 'इन्फ्लेक्सिबल' या बलाढ्य ब्रिटिश युद्धनौका उभ्या होत्या, आदल्याच दिवशी पोचलेल्या. त्या लढाईत श्पे मारला गेला, ताफ्यातली त्याची दोन्ही मुलं, ओटो आणि हाइनरिख, तीही गेली.

नौदलात काम केलेल्यांनी कृपया सांगावं: कमांडरच्या जागी बसून विचार केला तर हा निर्णय पटतो का? जर्मन वाचणारं कुणी असेल, तर त्या कप्तानांच्या बैठकीबद्दल मूळ नोंदी कुठे मिळतील?